किनेज इनहिबिटर घडवताना: आधी रुग्ण, मग पॉकेट, मग रेणू

नाशिकमध्ये गंगापूर रोड, आडगाव, म्हसरूळ या बाजूंना फार्मसी आणि रसायनशास्त्र शिकणारे विद्यार्थी एम.फार्म. किंवा एम.एस्सी.च्या प्रकल्पाला किनेज इनहिबिटर, म्हणजे किनेज नावाच्या एन्झाइमला अडवणारे रेणू, हा विषय आवडीने घेतात. विषय उत्तमच आहे. वाचायला भरपूर मिळतं, प्रथिनांच्या रचना फुकट उतरवता येतात आणि लागणारं सॉफ्टवेअर चार कोअर, आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालतं. अडचण होते ती कामाच्या क्रमात. पन्नास रेणू काढायचे, डॉकिंग (रेणू प्रथिनात कसा बसेल याचा संगणकावरचा अंदाज) करायचं, ज्याचा स्कोअर सर्वांत उणे तो निवडायचा आणि प्रबंध बांधायला टाकायचा, या क्रमाने औषधाच्या जवळपासही पोचता येत नाही. म्हणून इथे सुरुवात रुग्णापासून केली आहे आणि डॉकिंगला चौथी जागा दिली आहे.

पायरी १: रुग्ण कोण, ते अर्ध्या पानात लिहा

एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूच्या टोकाचा फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनाच्या टायरोसीन, सेरीन किंवा थ्रिओनीन या अमिनो आम्लावर बसवणारं एन्झाइम म्हणजे किनेज. २००२ साली झालेल्या मोजणीत मानवी जनुकसंचात अशी ५१८ किनेज निघाली. जवळजवळ सगळ्यांची एटीपी बसण्याची जागा सारख्याच घडणीची असते. त्यामुळे एकाला अडवणारा रेणू आणखी चार-दोघांना अडवतोच. त्यातलं कोण अडलेलं चालेल, हे आजारावर ठरतं.

कर्करोगात बऱ्याचदा किनेजच बिघडलेलं असतं. रक्ताच्या एका कर्करोगात, सीएमएलमध्ये, बीसीआर-एबीएल हे जोडप्रथिन सतत चालू राहतं आणि २००१ साली मंजूर झालेलं इमॅटिनिब त्यालाच अडवतं. अशा रुग्णात अंगावर पुरळ किंवा जुलाब काही प्रमाणात सोसले जातात. पण गाठीतल्या पेशी बदलत राहतात, म्हणून औषधाला प्रतिकार कुठून येईल याचा विचार पहिल्या दिवसापासून करावा लागतो.

संधिवातात किंवा सोरायसिसमध्ये किनेज धडधाकट असतं, फक्त त्याच्यामार्फत जाणारे संदेश जास्त झालेले असतात. ते कमी करायचे, बंद पाडायचे नाहीत. पस्तिशीतली रुग्ण ही गोळी पुढची वीस वर्षं घेईल हे गृहीत धरा. जॅक हे पेशीबाहेरचे संदेश आत नेणारं किनेजांचं कुटुंब. त्यातल्या जॅक-२ वरून रक्तपेशी बनवायला लावणाऱ्या एरिथ्रोपोएटिन आणि थ्रॉम्बोपोएटिनचे संदेश जातात, तेव्हा जॅक-२ जोरात अडवलंत तर हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी घटतात. जॅक अडवणारं टोफॅसिटिनिब २०१२ साली संधिवातासाठी मंजूर झालं. पुढे हृदयविकाराचा धोका असलेल्या पन्नाशीवरच्या रुग्णांमध्ये मोठी सुरक्षा चाचणी झाली आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या वर्गातल्या संधिवाताच्या औषधांवर हृदयविकार, कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्यांबाबतचा चौकटीतला इशारा कडक केला. नव्या जॅक रेणूवर काम करणाऱ्याला हा इशारा डोळ्यांसमोर ठेवूनच रचना करावी लागते.

विषचाचण्यांचे नियमही वेगळे आहेत. वाढलेल्या कर्करोगासाठी औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या आयसीएच संस्थेची एस-९ ही मार्गदर्शक सूचना बरीच सवलत देते, संधिवाताला ती लागू नाही. एम्स (Ames) या जिवाणूंवरच्या चाचणीत जनुकदोष करणारा ठरलेला रेणू सोरायसिससाठी तिथेच संपला असं समजा.

त्या अर्ध्या पानावर एवढं हवं: आजार कोणता, किनेज कोणतं, ते अडवल्याने आजार हटेल याचा माणसातला पुरावा काय, आणि कोणत्या किनेजला हात लावायचा नाही. तिसऱ्या मुद्द्यावर घाई करू नका. पी-३८ किनेज अडवणारे अनेक रेणू संधिवातात तपासले गेले. सूज दाखवणारं सीआरपी काही आठवडे उतरलं आणि परत चढलं, यकृताच्या तक्रारी मात्र आल्या. रेणू ताकदीचे होते, लक्ष्य चुकलं होतं. याउलट टिक-२ या जॅक कुटुंबातल्याच किनेजचं काम मंदावणारे जनुकबदल असलेल्या माणसांत काही स्वप्रतिकार आजार कमी आढळतात. लक्ष्य निवडायला असा पुरावा मोलाचा.

पायरी २: पॉकेट वाचायला शिका

किनेजचे दोन खंड असतात. लहान खंड वर, मोठा खाली, आणि दोघांना जोडणारा छोटा पट्टा म्हणजे हिंज. एटीपी या दोन खंडांच्या फटीत, म्हणजे पॉकेटमध्ये, शिरतं आणि त्याचं अडेनीन हिंजला हायड्रोजन बंधांनी चिकटतं. आपला रेणूही बहुधा तिथेच चिकटवायचा असतो.

हिंजच्या तोंडाशी एक अमिनो आम्ल असतं, त्याला गेटकीपर म्हणतात. ते लहान असेल, उदाहरणार्थ थ्रिओनीन, तर मागच्या पोकळीत जाता येतं. मेथिओनीनसारखं मोठं असेल तर वाट अडते. गेटकीपरचा प्रथिनसाखळीतला क्रमांक कळला की बाकीचं नुसत्या बेरजेने सापडतं:

- गेटकीपर अधिक १ आणि अधिक ३: हिंजवर हायड्रोजन बंध देणाऱ्या-घेणाऱ्या जागा.
- गेटकीपर अधिक ७: पॉकेटच्या बाहेरच्या कडेची जागा. इथे सिस्टीन असेल तर सहसंयुज बंधाने कायमचा जोडला जाणारा रेणू करता येतो.

स्वतः ताडून पाहा. एबीएलचा (बीसीआर-एबीएलमधल्या किनेजचा) गेटकीपर थ्रिओनीन ३१५, त्यात तीन मिळवा: मेथिओनीन ३१८, इमॅटिनिबच्या पिरिडीनचा बंध याच्याशी. ईजीएफआर या कर्करोगातल्या किनेजचा गेटकीपर थ्रिओनीन ७९०. हिंज मेथिओनीन ७९३, सिस्टीन ७९७. बीटीके या किनेजचा ४७४, सिस्टीन ४८१, इब्रुटिनिब इथेच जोडलं जातं. जॅक-३ चा मेथिओनीन ९०२, सिस्टीन ९०९. जॅक-१, जॅक-२ आणि टिक-२ मध्ये त्या जागी सिस्टीन नाही, म्हणून चौघांतून जॅक-३ एकटं वेगळं काढता येतं. रिटलेसिटिनिब याच फरकावर उभं आहे. मानवी किनेजांपैकी सुमारे ११ किनेजांमध्ये या जागी सिस्टीन आहे; तुमचा सहसंयुज रेणू त्या सगळ्यांवर तपासायला हवा.

औषधाला प्रतिकारही बऱ्याचदा याच जागांवरून येतो. एबीएलमध्ये थ्रिओनीन ३१५ चं आयसोल्युसीन झालं की इमॅटिनिबचा एक बंध तुटतो आणि जागाही अडते. पोनॅटिनिबमध्ये तिथून जाणारा दुवा सरळ, बारीक अल्काइनचा ठेवून ही अडचण सोडवली. ईजीएफआरमध्ये ७९० चं मेथिओनीन होतं. त्यावर २०१५ मध्ये मंजूर झालेलं ओसिमर्टिनिब ७९७ च्या सिस्टीनला जोडलं जातं. मग काही गाठींत तेच सिस्टीन बदलून सेरीन होतं आणि जोडायला जागाच उरत नाही.

आता एक सापळा. ईजीएफआर आणि त्याला अडवणारं औषध एर्लोटिनिब यांची प्रसिद्ध रचना प्रोटीन डेटा बँकेत १एम१७ या क्रमांकाने आहे. तिच्यातले क्रमांक सुरुवातीचा २४ आम्लांचा संकेतभाग वगळून दिलेले आहेत. त्यामुळे ७९० तिथे ७६६ दिसतं, ७९३ दिसतं ७६९ आणि ७९७ दिसतं ७७३. हे माहीत नसेल तर भलतंच आम्ल हिंज म्हणून रंगवलं जातं आणि पुढचं सगळं विवेचन चुकतं.

पायरी ३: कोणता आकार पकडायचा ते ठरवा

किनेज स्थिर नसतं. अस्पार्टेट, फिनाइलअॅलनीन आणि ग्लायसीन या डीएफजी त्रिकुटाची दिशा बदलली की पॉकेट बदलतं. त्रिकूट आत वळलेलं असताना बसणारे रेणू पहिल्या प्रकारचे: एर्लोटिनिब, टोफॅसिटिनिब. बाहेर वळल्यावर उघडणाऱ्या खोल पोकळीत शिरणारे दुसऱ्या प्रकारचे: इमॅटिनिब. दुसऱ्या प्रकाराला मधे अमाइड किंवा युरिया लागतो, कारण त्याने एका बाजूला ग्लुटामेट आणि दुसऱ्या बाजूला डीएफजीचं अस्पार्टेट पकडायचं असतं. इमॅटिनिब पकडतं ते एबीएलमधले २८६ आणि ३८१ आहेत. रेणू लांबट होतो आणि वजन ५०० च्या आसपास जातं.

एटीपीच्या जागेला हातच न लावणारेही आहेत. ट्रॅमेटिनिब मेक या किनेजमध्ये एटीपीच्या जागेशेजारच्या खोबणीत बसतं. सोरायसिससाठी २०२२ मध्ये मंजूर झालेलं ड्युक्रॅव्हासिटिनिब टिक-२ च्या काम करणाऱ्या भागाला सोडून शेजारच्या नियामक छद्मकिनेज भागाला धरतं. या भागाची घडण इतर जॅकपेक्षा पुरेशी निराळी आहे, म्हणून निवड चांगली साधते. दीर्घकाळ घ्यायच्या औषधासाठी आमचा कल स्पष्टपणे अशा जागांकडे आहे. पण पहिल्या प्रकल्पाला पहिलाच प्रकार घ्या, त्यात शिकायला सर्वांत जास्त मिळतं.

पायरी ४: डॉकिंग, आणि त्यावर किती विश्वास

१एम१७ उतरवा. हायड्रोजन घाला, एर्लोटिनिब वेगळी फाइल करून बाजूला ठेवा. पाण्याचे सगळे रेणू पुसून टाकायची सवय असते, इथे ती नडते. एर्लोटिनिबच्या क्विनाझोलीन या कड्यांच्या गाभ्यातला पहिला नायट्रोजन हिंजवरच्या मेथिओनीनशी थेट बंध करतो, पण तिसरा नायट्रोजन गेटकीपर थ्रिओनीनपर्यंत पोचत नाही. मधे पाण्याचा एक रेणू दोघांना जोडतो. तो ठेवा.

ऑटोडॉक व्हिना या डॉकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधपेटीचं केंद्र एर्लोटिनिबच्या मध्यावर घ्या, प्रत्येक बाजू २२ अँगस्ट्रॉम. एक्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून घ्यायचा तो आकडा) मुळात ८ असतो, तो ३२ करा. सर्वांत आधी एर्लोटिनिबच परत डॉक करा. मूळ जागेपासूनचं अंतर, म्हणजे आरएमएसडी, २ अँगस्ट्रॉमच्या आत यायला हवं. बाहेरच्या लवचीक इथर साखळ्या हलल्या तरी चालेल, क्विनाझोलीन हललं तर तयारी चुकली आहे. हे जमेपर्यंत नवा रेणू घालू नका.

मग स्कोअरचं काय? व्हिनाच्या निर्मात्यांनी स्वतःच दिलेली सरासरी चूक २.८५ किलोकॅलरी प्रति मोल आहे. बंधनात दहापट फरक पडायला २५ अंशांना साधारण १.४ किलोकॅलरी लागतात. म्हणजे उणे ९.१ चा रेणू उणे ८.८ च्या रेणूपेक्षा सरस, या विधानाला आधार नाही. स्कोअर बघण्याऐवजी प्रत्येक रेणूला तीन प्रश्न विचारा: हिंजचा बंध झाला का, रेणूची घडी ताणलेली तर नाही, आणि चरबीप्रिय भाग पाण्याकडे तोंड करून तर बसला नाही? डोळ्यांनी तपासून पन्नासातले पाच ठेवा.

प्रथिन स्थिर धरून केलेल्या डॉकिंगमध्ये डीएफजी आपोआप फिरत नाही. इमॅटिनिब पहिल्या प्रकारच्या रचनेत डॉक केलंत तर येणारं चित्र निरर्थक असतं. त्यासाठी १आयईपी ही रचना घ्या.

पायरी ५: एक रेणू प्रत्यक्ष बनवा

शिकण्यासाठी ४-(३-ब्रोमोअनिलिनो)-६,७-डायमेथॉक्सिक्विनाझोलीन हा रेणू फार उपयोगी. ईजीएफआरवर तो पिकोमोलर ताकदीचा आहे, बनवायला एक पायरी लागते, आणि तरीही तो गोळी होऊन बाजारात आला नाही. नुसती ताकद पुरत नाही हे त्याच्याइतकं नीट कुणी शिकवत नाही.

४-क्लोरो-६,७-डायमेथॉक्सिक्विनाझोलीन २२५ मिलिग्रॅम (१ मिलिमोल) आणि ३-ब्रोमोअनिलीन १८१ मिलिग्रॅम (१.०५ मिलिमोल) ८ मिलिलिटर कोरड्या आयसोप्रोपॅनॉलमध्ये दोन ते चार तास रिफ्लक्स करा. वेगळा अल्क लागत नाही. तयार होणारा हायड्रोक्लोराइड क्षार स्वतःच खाली बसतो. थंड करून गाळा, थोड्या गार आयसोप्रोपॅनॉलने आणि मग इथरने धुवा. शंभर टक्के उतारा ३९७ मिलिग्रॅम होतो. फ्यूम हूड आणि हातमोजे हवेतच, ब्रोमोअनिलीन त्वचेतून शोषलं जातं आणि रक्ताला घातक आहे.

बिघडतं ते ओलाव्याने. जुलै-ऑगस्टमध्ये बाटली उघडी राहिली की क्लोरोक्विनाझोलीनचं क्विनाझोलिनोन होतं आणि ते अभिक्रिया करत नाही. मास स्पेक्ट्रममध्ये २०७ ला शिखर दिसलं तर तेच समजा. हवा असलेला रेणू ३६० आणि ३६२ ला जवळपास सारख्या उंचीची जोडी दाखवतो, ब्रोमीनमुळे.

गेफिटिनिबशी याची तुलना करा. तिथे अनिलीनवर क्लोरीन आणि फ्लोरीन आहेत, फ्लोरीनमुळे यकृतातलं ऑक्सिडेशन अडतं. एका मेथॉक्सीच्या जागी मॉर्फोलिनोप्रोपॉक्सी आहे, त्याने रेणू पोटातल्या आम्लात विरघळतो. दोन्ही बदल ताकदीसाठी केलेले नाहीत. रेणू रुग्णाच्या रक्तात पुरेसा वेळ राहावा म्हणून केलेले आहेत.

एचपीएलसीवर ९५ टक्के शुद्धता ही किमान अट धरा, आणि काचसामान कसोशीने धुवा. ०.०३ नॅनोमोलर ताकदीचा रेणू १ टक्का मिसळलेला असेल तर पूर्ण निकामी नमुनाही ३ नॅनोमोलरचा दिसतो. अशा 'शोधां'नी महिने वाया जातात.

पायरी ६: एन्झाइमवरची चाचणी

१० मिलिमोलर साठा डीएमएसओ या द्रावकात करा: वरच्या रेणूच्या मुक्त रूपासाठी मिलिलिटरला ३.६ मिलिग्रॅम, क्षार वापरला तर ४.० मिलिग्रॅम. डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतो. नाशिकचा पहाटेचा पारा डिसेंबर-जानेवारीत १० च्या खाली जातो, तेव्हा फळीवरची बाटली सकाळी घट्ट झालेली मिळते. अर्धवट वितळलेल्या द्रावणातून पिपेट भरलंत तर तीव्रता चुकते. ३० अंशांच्या पाण्यात पूर्ण वितळवून, ढवळून मगच घ्या. पावसाळ्यात डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतो आणि रेणू साका होऊन बसतो. ५० मायक्रोलिटरच्या कुप्या भरून ठेवल्या आणि प्रत्येक कुपी एकदाच उघडली की दोन्ही त्रास टळतात.

१० मायक्रोमोलरपासून तिपटीने नऊ वेळा पातळ केलं की शेवटची पायरी ०.५ नॅनोमोलरला येते. डीएमएसओ चाचणीच्या प्लेटमधल्या सर्व विहिरींत (खाचांत) सारखा, १ टक्क्याच्या आत. ट्रायटन एक्स-१०० ०.०१ टक्के घाला, नाहीतर गुठळ्या करणारे रेणूही इनहिबिटर भासतात. अभिक्रिया १० टक्क्यांच्या आसपास थांबवा. झेड-प्राइम (चाचणी किती भरवशाची ते सांगणारा आकडा) ०.५ च्या वर नसेल तर ती प्लेट टाकून द्या. एन्झाइम १ नॅनोमोलर वापरलंत तर आयसी-५० (किनेजचं काम निम्म्यावर आणणारी रेणूची तीव्रता) ०.५ नॅनोमोलरच्या खाली दिसूच शकत नाही. वरचा ब्रोमो रेणू म्हणूनच या चाचणीत खऱ्यापेक्षा कमजोर दिसेल. प्रकाश मोजणाऱ्या चाचणीत प्रकाश देणाऱ्या ल्युसिफरेज या एन्झाइमला अडवणारा रेणूही फसवतो, तेव्हा किनेज न घालता एक ओळ चालवा.

आता सर्वांत महत्त्वाचा हिशोब. एटीपीशी स्पर्धा करणाऱ्या रेणूसाठी आयसी-५० म्हणजे केआय गुणिले (१ अधिक एटीपी भागिले केएम). केआय हा रेणूच्या पकडीचा आकडा, जितका लहान तितकी पकड घट्ट; केएम म्हणजे एन्झाइमचा वेग निम्म्यावर असतो ती एटीपीची तीव्रता. प्रयोगशाळेत एटीपी सहसा केएमइतकंच ठेवतात, म्हणून आयसी-५० केआयच्या दुप्पट येतो. पेशीत मात्र एटीपी १ ते ५ मिलिमोलर असतं. समजा दोन किनेजांवर तुमच्या रेणूचा केआय २ नॅनोमोलर आहे. एकाचा केएम ४० मायक्रोमोलर, दुसऱ्याचा ४. प्लेटमध्ये दोन्हीकडे ४ नॅनोमोलर दिसेल. २ मिलिमोलर एटीपीला पहिल्यावर १०२ आणि दुसऱ्यावर १००२ नॅनोमोलर होईल. रेणू बदलला नाही, तरी निवड दहापट बदलली. जॅक-३ ला एटीपी फार घट्ट चिकटतं, म्हणून जॅक रेणूंच्या बाबतीत हा हिशोब टाळून चालतच नाही. प्रबंधात केएम आणि चाचणीतलं एटीपी लिहिलेलं नसेल तर तो आयसी-५० इतर कुणाच्या आकड्याशी ताडता येत नाही.

सहसंयुज रेणूला नुसता आयसी-५० लावू नका, तो वेळेनुसार घसरत जातो. वेगवेगळ्या वेळा घेऊन जोडणीचा वेग आणि केआय यांचं गुणोत्तर काढा.

पायरी ७: पेशी, आणि कुठे थांबायचं

ईजीएफआरसाठी ए-४३१ पेशी सोयीच्या. अशा पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या (एनसीसीएस) पेशी भांडारातून मागवता येतात. रात्रभर सीरमविना ठेवा, रेणू एक तास द्या, मग ईजीएफआरला चालू करणारं ईजीएफ १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर पाच ते दहा मिनिटं. वेस्टर्न ब्लॉटवर टायरोसीन १०६८ चा फॉस्फेट पाहा. नुसती एमटीटी चाचणी करून 'कर्करोगविरोधी' म्हणू नका. पेशी मेल्या एवढंच ती सांगते, ईजीएफआर अडल्यामुळे मेल्या का हे सांगत नाही.

जॅकसाठी मानवी रक्त वापरा, संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घेऊन. एकाच नमुन्यात आयएल-६ हा संदेशरेणू देऊन स्टॅट-३ या प्रथिनावरचा फॉस्फेट मोजा, दुसरीकडे जीएम-सीएसएफ देऊन स्टॅट-५ चा. जीएम-सीएसएफचा संदेश जॅक-२ च्या जोडीवरून जातो. पहिला अडला आणि दुसरा वाचला तर जॅक-२ सुटलं असं म्हणता येतं. रक्तात चाचणी केल्याने प्रथिनांना चिकटणारा भागही हिशोबात येतो: ९९ टक्के चिकटणारा रेणू १ मायक्रोमोलर दिला तर मोकळा फक्त १० नॅनोमोलर.

एन्झाइमवर १० नॅनोमोलर आणि पेशीत १० मायक्रोमोलर असा हजारपट खड्डा दिसला, आणि एटीपीच्या हिशोबाने तो भरून निघत नसला, तर रेणू पेशीत शिरत नाही किंवा बाहेर फेकला जातो. दोन-तीन बदलांत सुधारणा झाली नाही तर ती मालिका सोडा. टिकलेले एक-दोन रेणूच मोठ्या किनेज पॅनेलला पाठवा, तो खर्च विद्यार्थ्याला सहज झेपणारा नाही. हर्ग (हृदयाच्या ठोक्यांशी जोडलेली पोटॅशियम वाहिनी) आणि सीवायपी-३ए-४ (औषधं मोडणारं यकृतातलं एन्झाइम) त्याच वेळी तपासून घ्या.

पेटंटचा विचार असेल तर दोन गोष्टी. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपाचं पेटंट कलम ३(ड) खाली नाकारलं: माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप उपचारात अधिक गुणकारी असल्याचं दाखवावं लागतं. तेव्हा जुन्या रेणूचा नवा क्षार करून पेटंट मिळेल या भरवशावर प्रकल्प आखू नका. आणि रेणू खरोखर नवा असेल तर रचना पोस्टरवर, परिषदेत किंवा प्रबंधात उघड करण्याआधी अर्ज दाखल झालेला हवा. मार्गदर्शकांशी हे बोलणं पहिल्या सत्रातच करून घ्या, कारण प्रबंध जमा करायची तारीख अर्जासाठी थांबत नाही.